एकच जंतू, दोन भाऊ: महारोगाच्या इतिहासाचा एक धागा

१/
सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा आणि अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालाची ओढ असणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडलेले असतात. विखुरलेल्या शाहिरांकडून असे पोवाडे मिळवून त्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला गेला. त्याचे संपादक दोघे होते: शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ. हे ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. इतिहासप्रेमी त्यांना पोवाड्यांमुळे ओळखतात. मुंबईत मात्र त्यांचे नाव वडाळ्याच्या एका रुग्णालयामुळे राहिले आहे. ते रुग्णालय कुष्ठरोगाचे आहे.

२/
१८९० मध्ये ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला. आजच्या ॲक्वर्थ रुग्णालयाचा उगम तो. त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने वारले होते आणि त्या बातमीने साम्राज्यभर भीती पसरली होती. युरोपातून जवळजवळ नाहीसा झालेला हा रोग वसाहतींतून परत येईल की काय, ही ती भीती. त्याच भीतीतून चौकशी आयोग नेमला गेला, निधी उभा राहिला आणि अखेरीस कायदा झाला. परंतु त्या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणालाच सुटत नव्हता: हा रोग पसरतो तरी कसा?

३/
प्रश्न अवघड होता, कारण पुरावे परस्परविरोधी होते. एका घरात एकाला रोग जडे आणि बाकीचे कोरे राहत. नवऱ्याच्या अंगावर गाठी येत आणि तीस वर्षे त्याच्या ताटात जेवणारी बायको ठणठणीत राही. एकाला हातावर फिकट चट्टा येऊन तिथेच थांबे, तर दुसऱ्याचे नाक बसे, भुवया झडत आणि कानाच्या पाळ्या जाड होत. हा एकच रोग आहे की दोन? संसर्ग आहे की आनुवंशिकता? की, आपल्याकडे सर्रास मानत तसे, पूर्वजन्मीचे पाप? या धाग्यात त्या प्रश्नाचा प्रवास मांडतो. तो माझ्या घरातूनही गेला आहे, म्हणून थोडे घरचेही सांगतो.

४/
माझे गाव वडगाव निंबाळकर, तालुका बारामती. दक्षिणेस नीरा नदी, तिच्यापलीकडे फलटण. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस आला आणि गुऱ्हाळे आली. दोन वर्षांपूर्वी मी घराण्याची वंशावळ लिहावयास घेतली. इतिहासाची आवड लागली की प्रत्येक जण कधीतरी हा उद्योग करतोच. भावकीतल्या एका जुन्या वहीत पणजोबांच्या नावाशेजारी एक रेघ खाली ओढलेली होती आणि तिच्या टोकाशी काहीच लिहिलेले नव्हते. आजीला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुझ्या पणजोबांना धाकटा भाऊ होता. त्यांना रक्तपिती झाली होती.”

५/
रक्तपिती, महारोग ही आपल्याकडची जुनी नावे. आजी सासरी आली तेव्हा ते चुलत सासरे मळ्याच्या कडेला खोपटात राहत. त्यांची बायको त्यांच्याबरोबरच राहत असे. सणावाराला वाड्यातून भाकरी जाई, ती वेगळ्या भांड्यात. लग्नकार्यात त्यांनी यायचे नाही, हे कोणी सांगावे लागत नसे. ते गेले तेव्हा खोपटासकट सारे जाळून टाकले. बायको पुढे वीस-बावीस वर्षे जगली आणि तिला काहीही झाले नाही. आजीने हे सारे अगदी सरळ स्वरात सांगितले. त्या स्वरात दोष नव्हता. तेव्हा जगाची रीतच तशी होती.

६/
मग तिने सहज आणखी एक गोष्ट सांगितली. पणजोबांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट आत वळलेले होते. “गुऱ्हाळात चरकाशी हात गेला होता म्हणायचे. कोपराजवळ एक पांढुरका डागही होता, त्याला चिमटा काढला तरी त्यांना कळायचे नाही. आम्ही पोरांना गंमत म्हणून दाखवायचो.” मी हातातली वही खाली ठेवली. बधिर फिकट चट्टा आणि कोपरामागून जाणाऱ्या नसेच्या इजेने वळलेली शेवटची दोन बोटे: हे वर्णन कुष्ठरोगाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. गेलेल्या माणसाचे निदान आज करता येत नाही. तरी ती खूण दुर्लक्षावी इतकी साधी नव्हती.

७/
म्हणजे कदाचित दोघा भावांना एकच रोग होता. एकाच्या अंगी तो चट्ट्यापुरता राहिला आणि त्याचे नाव वंशावळीत मधोमध आले. दुसऱ्याच्या अंगी तो चेहऱ्यावर उमटला आणि त्याच्या वाट्याला एक कोरी रेघ आली. जंतू एकच, घर एकच, अन्नही एकच. मग फरक कुठे पडला? याचे उत्तर जंतूत फारसे सापडत नाही, ते माणसाच्या प्रतिकारसंस्थेत सापडते. हे कळायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्या शतकातली काही पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली.

८/
सुरुवात नॉर्वेतून करू. १८४७ मध्ये डॅनिएलसेन आणि बोएक या दोघांनी या रोगावरचा पहिला शास्त्रीय म्हणावा असा ग्रंथ प्रसिद्ध केला. डॅनिएलसेन यांचे मत होते की रोग आनुवंशिक आहे. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला आणि काही सहकाऱ्यांना टोचून पाहिला. कोणालाच रोग झाला नाही. निष्कर्ष सरळ वाटला: टोचूनही होत नाही, म्हणजे संसर्ग नाही. आज आपण जाणतो की सुमारे ९५ टक्के माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. प्रयोग खरा होता आणि निष्कर्ष चुकीचा, कारण उत्तर ज्या ठिकाणी होते ती प्रतिकारशक्ती तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हती.

९/
१८७३ मध्ये बर्गेन शहरात गेरहार्ड आर्मौअर हॅन्सेन यांना रुग्णांच्या गाठींत काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. मानवी रोगाशी जोडल्या गेलेल्या पहिल्या जिवाणूंपैकी हा एक. पण जंतू दिसणे वेगळे आणि तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करणे वेगळे. त्या हट्टापायी हॅन्सेन यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीविना रोगद्रव्य टोचले. खटला झाला आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. वैद्यकातील संमतीच्या इतिहासात या निकालाचे स्थान मोठे आहे. शोधाचे श्रेय त्यांचेच राहिले, आणि तो डागही त्यांचाच राहिला.

१०/
आता नीरा ओलांडून साताऱ्यात येऊ. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर मुंबई इलाख्यात नोकरीस होते. १८६० च्या दशकात ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. ज्या हाताने शरीराची नस न् नस रेखाटली, त्याच हाताने त्यांनी इथल्या कुष्ठरुग्णांच्या नसा अभ्यासल्या आणि रोगाचा खरा हल्ला नसांवर होतो हे नोंदवले. पुढे नॉर्वेला जाऊन त्यांनी तेथील व्यवस्था पाहिली आणि १८७४ मध्ये तिच्यावर अहवाल प्रसिद्ध केला. नॉर्वेतील शोधाची वार्ता इलाख्यात आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

११/
तरीही १८९०-९१ साली भारतात फिरलेल्या आयोगाने संसर्गाचा धोका अल्प असल्याचे मत दिले. ते निरीक्षण फारसे चुकीचे नव्हते. सरकारने मात्र १८९८ मध्ये कायदा केला. त्यानुसार निराधार कुष्ठरोग्यास पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. अधिसूचित क्षेत्रात त्याला खाद्यपदार्थ विकणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे यांची बंदी होती. कायद्याची मूळ व्याख्या वाचण्यासारखी आहे: ज्याच्या अंगावर जखमा चिघळू लागल्या आहेत तो कुष्ठरोगी. म्हणजे कायद्याची नजर जखमेवर होती, आणि तिथेच तो फसला.

१२/
कारण जखम हे रोगजंतूचे थेट काम नव्हे. नस मेली की त्वचा बधिर होते. बधिर बोटाला तव्याचा चटका कळत नाही, तळपायाला रुतलेला काटा कळत नाही. जखमा होतात, चिघळतात, बोटे झिजतात. उलट जंतू बाहेर पडतात ते मुख्यतः नाकावाटे, आणि तेही ज्यांच्या शरीरात त्यांची संख्या अफाट वाढलेली असते अशांच्या. असा माणूस प्रारंभी जखमांविनाही असू शकतो. ज्याला कायदा पकडत होता तो भिकारी अनेकदा निरुपद्रवी होता, आणि ज्याच्यापासून संसर्ग शक्य होता तो बाजारात मोकळा हिंडत होता.

१३/
या कोड्याची किल्ली जपानमध्ये सापडली. केन्सुके मित्सुदा यांनी १९१९ च्या सुमारास रुग्णांच्या गाठींतील मारलेल्या जंतूंचा अर्क त्वचेत टोचून पाहण्याची चाचणी मांडली. तीन-चार आठवड्यांनी काहींच्या हातावर गाठ उठे, काहींच्या हातावर काहीच नाही. आश्चर्य असे की ज्यांचा रोग एखाददुसऱ्या चट्ट्यापुरता होता त्यांच्याच हातावर गाठ उठे. ज्यांचे अंग गाठींनी भरलेले, त्यांची त्वचा शांत राही. ज्याचे शरीर जंतूला ओळखून चवताळते त्याच्यात रोग मर्यादित राहतो. जे ओळखतच नाही त्याच्यात तो मोकाट सुटतो.

१४/
१९६० च्या दशकात रिडले आणि जॉपलिंग यांनी यालाच एका पट्ट्याचे रूप दिले. एका टोकाला ‘ट्युबरक्युलॉइड’ रूप: टी-पेशी जागरूक, भक्षक पेशींना चेतवून जंतू मारणाऱ्या, चट्टे मोजके, जंतू शोधूनही न सापडणारे. दुसऱ्या टोकाला ‘लेप्रोमॅटस’ रूप: टी-पेशी या जंतूपुरत्या मुक्या, सर्वांगावर गाठी आणि प्रत्येक गाठीत असंख्य जंतू. मधे तीन पायऱ्या. तुमच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला रोगाची तीव्रता म्हणतात, ती इथे जंतूच्या क्रौर्यावर नव्हे, तर यजमान शरीराच्या उत्तरावर ठरते. म्हणूनच प्रतिकारशास्त्राचे अभ्यासक आजही या रोगाकडे आदर्श नमुना म्हणून पाहतात.

१५/
यात एक गंमत आहे. दुसऱ्या टोकाच्या रुग्णाच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. मग त्यांचा उपयोग का होत नाही? इतिहासाच्या भाषेत सांगतो. गडाच्या तटावर तोफा भरपूर आहेत आणि सगळ्यांची तोंडे बाहेर आहेत. गनीम मात्र आतल्या अंबारखान्यातच येऊन बसला आहे. हा जंतू पेशींच्या आत राहतो: खुद्द भक्षक पेशींत आणि नसांना वेढणाऱ्या पेशींत. प्रतिपिंडे तिथे पोहोचत नाहीत. तिथे टी-पेशीच लागतात. असा रुग्ण इतर आजारांशी मात्र नेहमीसारखाच झुंजतो. तो ‘कमकुवत’ नसतो; त्याची संस्था या एकाच शत्रूस ओळखत नाही, एवढेच.

१६/
दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. प्रबळ प्रतिकार म्हणजे निव्वळ वरदान नव्हे. जंतू नसेत लपलेला असतो आणि टी-पेशी त्याला मारायला जातात, त्या झटापटीत नसच चिरडते. पणजोबांची बोटे वळली असतील तर ती जंतूंनी नव्हे, त्यांच्याच जागरूक प्रतिकारसंस्थेने वळवली असतील. औषध सुरू झाल्यावरही असे घडते: जंतू मरू लागतात आणि एकाएकी जुने चट्टे लाल होऊन फुगतात, नसा ठणकतात. लोकांना वाटे, औषध उष्ण पडले. ते औषधच सोडून देत. ही ‘रिॲक्शन’ वेळीच ओळखून स्टेरॉइड दिले तर हात-पाय वाचतात.

१७/
या विज्ञानात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. परळच्या कर्करोग संशोधन केंद्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचा अभ्यास करून जंतू नसांतून कसे पसरतात हे दाखवले. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि पुढे जे. जे. रुग्णालयात वाकड्या हातांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रामचंद्र वारदेकर यांनी गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि घराजवळ उपचार ही पद्धत बसवली. रुग्णाला गावाबाहेर नेण्याऐवजी औषध गावात नेण्याची ही कल्पना आज साधी वाटते. तेव्हा ती क्रांती होती.

१८/
सेवेचा इतिहास तुम्हांला ठाऊक असेल: दत्तपूरचे मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनाचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनाचे बाबा आमटे, सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या अंगाला मालिश करणारे गांधीजी. बाबांची एक गोष्ट या धाग्याशी जोडलेली आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकताना त्यांनी जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. हा जंतू कृत्रिम माध्यमावर आजही वाढवता येत नाही. बाबांच्या शरीरातही तो रुजला नाही. शंभर वर्षांपूर्वी डॅनिएलसेन यांच्याबाबतीत घडले तेच पुन्हा घडले होते.

१९/
मग आनुवंशिकतावादी अगदीच चूक होते का? तसेही नाही. रोग वंशाने येत नाही. पण त्याला कोण किती बळी पडेल यात जनुकांचाही वाटा आहे, हे आता सिद्ध झाले आहे. त्याखेरीज किती काळ, किती जवळून सहवास घडला आणि पोषण कसे होते, हेही मोजावे लागते. संसर्गवादी बरोबर होते, आनुवंशिकतावादीही थोडे बरोबर होते. पापाचा सिद्धान्त तेवढा सर्वस्वी खोटा ठरला, आणि माणसांना गावाबाहेर काढण्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेला तोच. मला इतिहासाचा हा भाग सर्वांत जड वाटतो.

२०/
औषधांचा काळ झपाट्याने सांगतो. प्राचीन वैद्यकात तुवरक, म्हणजे कडू कवठाचे तेल. ते विसाव्या शतकापर्यंत टोचले जाई. १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधे, त्यांतून डॅप्सोन. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचे बहुविध उपचार सुचवले. अल्पजंतू रुग्णास सहा महिने, बहुजंतू रुग्णास बारा. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला. १८९८ चा कायदा मात्र २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून गेले ते २०१९ मध्ये.

२१/
वंशावळीतील त्या कोऱ्या रेघेवर आता नाव आहे. आजीला ते आठवत होते आणि त्यांच्या बायकोचेही आठवत होते, दोन्ही लिहिली. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “कशाला उकरतोस? मुलींची लग्ने व्हायची आहेत.” मी त्यांना पणजोबांच्या करंगळीबद्दल काही बोललो नाही. एवढेच म्हणालो, की तात्या, वारसा म्हणून ज्या गोष्टीला आपण भ्यालो ती वारशाने येतच नाही. ते काही वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तिचे माहेर पलीकडचे होते, फलटणकडचे. तेही लिही.”

२२/
हा इतिहास संपलेला नाही. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, दरवर्षी लाखाच्या आसपास. जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. म्हणून शोध थांबवता येत नाही. आमच्या भागात गाळप हंगामात कारखान्याभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. आज इथे, उद्या तिथे राहणाऱ्या या माणसांपर्यंत तपासणी पोहोचवणे सर्वांत अवघड असते. शोधमोहिमेत घरोघर फिरून अंगावरचे चट्टे विचारणाऱ्या आशाताई तुमच्याही दारी येतील. त्यांना हसून परत पाठवू नका. फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत आहे आणि सुरू होताच संसर्ग थांबतो. नस शाबूत असताना गेलेला माणूस दोन्ही हात घेऊन परत येतो.